रिकाम्या डब्याचा फोटो

त्या शाळेत पाऊल ठेवल्या दिवसापासून दर्शनाला हसू येत होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. शाळेचं नाव इंग्रजी होतं. त्यात एक फळ, एक प्राणी आणि एक ग्रह असं सगळं कोंबलेलं होतं, आणि शाळा भरायची जेमतेम दोन गाळे जोडून. कोलशेतच्या पस्तीस मजली टॉवरच्या तळाशी एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, आणि मधोमध ही विद्यानगरी. दारात प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. खरं गवत पाच पावलांवर सोसायटीच्या बागेत होतं, पण तिथे मुलांच्या पायाला माती लागते, म्हणून न्यायचं नाही असा नियम होता.

दर्शना इथे शिकवायला आली नव्हती, शिकायला आली होती. निदान कागदावर तरी तसंच होतं. बालशिक्षणाच्या पदविकेचं तिचं शेवटचं सत्र चालू होतं आणि त्यात तीस दिवस एखाद्या बालवर्गात प्रत्यक्ष काम करायचं असतं. तीस दिवसांची फाइल ठेवायची. त्यात रोज काय केलं ते लिहायचं, शिवाय वर्गातलं एक मूल निवडून रोज त्याची नोंद करायची. ते मूल काय बोललं, कोणाशी खेळलं, काय खाल्लं. तीस दिवस भरले की शाळेच्या मुख्याध्यापिकेने शेवटच्या पानावर सही करून शिक्का मारायचा. तो शिक्का नसेल तर पदविका नाही. आणि पदविका नसेल तर डोंबिवलीच्या एका जुन्या मराठी शाळेतली शिशुवर्गाची जागा नाही. तिथल्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि त्यांनी स्वतः दर्शनाला सांगून ठेवलं होतं की मार्चअखेर कागद घेऊन ये, मी शब्द टाकते. कोपरीतल्या दोन खोल्यांत त्या जागेचं नाव दिवसातून चारदा निघायचं. आई शेवंती तर शेजारणींना सांगून मोकळी झाली होती की आमची दर्शू आता बाई होणार.

तर अशा शिक्क्यासाठी दर्शना रोज सकाळी सव्वासातला नुसत्या चहावर घर सोडायची आणि साडेआठला त्या प्लास्टिकच्या गवतावर उभी राहून हसत हसत ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची.

मुख्याध्यापिका संचिता मॅम. त्यांना बाई म्हटलेलं चालत नसे, आणि मुलांशी मराठी बोललेलंही चालत नसे. स्वतः मॅम मात्र रागावल्या की अस्सल मराठीत रागवायच्या. पोरांना म्हणायच्या, ‘सिट डाउन कर पटकन, शूज निकाल, वॉश युवर हात.’ दर्शनाला वाटे, याला इंग्रजी म्हणायचं तर आपल्या गल्लीतला भंगारवालाही इंग्रजी बोलतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण कोणीतरी या गाळ्यासमोर उभं राहूनच केली असावी, असं तिने पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं.

नर्सरीची वर्गशिक्षिका संक्रांतीलाच सोडून गेली होती. तिच्या जागी नवीन बाई ठेवायची तर पगार द्यावा लागला असता. त्यापेक्षा शिकाऊ मुलगी बरी, पगाराचं नाव नाही. पहिल्याच दिवशी मॅमनी चौदा पोरं दर्शनाच्या हवाली केली आणि म्हणाल्या, हे बघ, आम्ही तुला केवढा एक्सपोजर देतोय. मदतीला सगुणामावशी. ती मुलांचं शी-शू बघायची, फरशी पुसायची, आणि दिवसभरात मोजून वीस शब्द बोलायची. दर्शनाला ती जरा शिष्टच वाटायची.

या शाळेचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता, आणि ती गोष्ट म्हणजे रिकामा डबा.

ही अक्कल संचिता मॅमचीच. मुलं दोन डबे आणायची, दहाचा एक आणि साडेबाराचा एक. महिन्याचा मेन्यू शाळा ठरवून द्यायची. सोमवारी अमुक, मंगळवारी हिरवं काहीतरी, बुधवारी आणि शुक्रवारी ‘राइस क्रेप’. राइस क्रेप म्हणजे काय, हे दर्शनाला डबा उघडल्यावर कळलं. ते घावणे होते. डबा झाला की प्रत्येक मुलाचा फोटो काढायचा. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हाताचा अंगठा वर, चेहरा हसरा. फोटो पालकांच्या ॲपवर टाकला की शेजारी सोनेरी तारा उमटायचा. टॉवरमधल्या आया ऑफिसात बसून ते तारे बघायच्या, एकमेकींना दाखवायच्या. अमकीचा मुलगा घरी चार माणसांनी धरला तरी खात नाही आणि शाळेत डबा चाटूनपुसून संपवतो, ही बातमी लिफ्टमधून वरखाली व्हायची. त्या बातमीवर शाळेचे प्रवेश चालायचे.

आता चौदा मुलं रोज दोन दोन डबे संपवतील, हे ज्याने मूल पाहिलेलं नाही त्यालाच पटेल. पण फोटो रिकाम्याच डब्याचा लागायचा. पहिल्या दिवशी अर्धे भरलेले डबे बघून दर्शनाने विचारलं की आता काय करायचं, तेव्हा मॅम म्हणाल्या, रिकामे कर आणि काढ. कचऱ्यात टाकायचं नाही. मागे एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात आपल्या मुलाचे पनीर रोल ओळखले होते आणि मोठं रामायण झालं होतं. तेव्हापासून नियम होता की जे उरेल ते आतल्या आत संपवायचं.

सगुणामावशीला दर्शनाने पहिल्या दिवशी एक डबा पुढे केला. मावशीने हात मागे घेतले. म्हणाली, "पोराच्या तोंडचं हाय. मला नाय गिळत."

दर्शनाने मनात म्हटलं, घ्या, हिचा तोरा बघा. आणि तिने स्वतः खाल्लं. पोटात सकाळपासून नुसता चहा होता, आणि अन्न टाकू नये हे तिला घरात शिकवलेलं होतं. आठवड्याभरात तिने आईला सांगून टाकलं की माझा डबा करू नकोस, शाळेत मिळतं. शेवंतीला त्याचंही कौतुक. केवढी मोठी शाळा, बाईंना जेवणसुद्धा देतात.

चौदा डब्यांत एक डबा वेगळा असायचा. तो बंटीचा. शाळेच्या पटावर त्याचं नाव रेयांश होतं, पण त्या नावाला तो ओ देत नसे. साडेतीन वर्षांचा, सावळा, मोठ्या डोळ्यांचा, कायम एका जागी बसलेला. मराठी बोलायची बंदी आणि इंग्रजी येत नाही, त्यामुळे शाळेत तो मुकाच होता. घरचे लोक कोलशेत गावातले जुने, मूळचे आगरी. हा टॉवर उभा आहे ती जमीन त्यांचीच. आजी ठमाबाई तरुणपणी मिठागरात पाट्या उचलायची असं सगुणामावशी म्हणाली होती. आता शाळेचे हे दोन गाळेही त्याच ठमाबाईच्या नावावर होते. म्हणूनच संचिता मॅम बंटीच्या आईला, ऐश्वर्याला, दारापर्यंत सोडायला जायच्या.

बंटीच्या डब्याला चव होती. मेन्यू इंग्रजी, पण हात आजीचा. घावणे इतके मऊ की बोटांनी उचलताना फाटायचे, त्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी. पास्ता लिहिला असेल त्या दिवशीही त्यात असं काही वाटण असायचं की दर्शनाला तो पास्ता आहे हे विसरायला व्हायचं. आणि बंटी काहीच खायचा नाही. इतर पोरं अर्धं खायची, पाव खायची, सांडायची. बंटी डबा समोर ठेवून तोंड घट्ट मिटून बसायचा. मुलांनी काट्याने आणि स्वतःच्या हाताने खायचं, भरवायचं नाही, असा नियम होता. त्याला ‘इंडिपेंडंट ईटिंग’ असं भारदस्त नाव होतं. दहा मिनिटं झाली की दर्शना डबा उचलायची, वर्गातच मागच्या कट्ट्यावर बसून खायची, आणि रिकामा डबा आणून त्याच्या हातात द्यायची. बंटी ताबडतोब अंगठा वर करायचा आणि दात दाखवायचा. चौदा मुलांत फोटोला सगळ्यात चांगला तोच यायचा.

सहाव्या दिवशी एक गोष्ट झाली. दर्शना फोनवर होती तेव्हा सगुणामावशीने फरशी पुसता पुसता हात धुतला, बंटीसमोर बसली आणि घावण्याचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी नेला. बंटीने तोंड उघडलं. दुसरा तुकडा, तिसरा. भराभर खात होता तो. तेवढ्यात मॅम आल्या आणि त्यांनी मावशीला सगळ्यांसमोर झापलं की तुझं काम फरशीचं आहे, आपल्या शाळेची पद्धत काय आहे, मला केबिनमध्ये कॅमेऱ्यात सगळं दिसतं. मावशी उठली आणि बादली घेऊन गेली. पुन्हा तिने भरवलं नाही.

दर्शनाने ते पाहिलं होतं. तिने त्या दिवशीच्या नोंदीत ते लिहिलंही असतं, कारण निरीक्षणासाठी तिने बंटीलाच निवडलं होतं. मुकं मूल, लिहायला सोपं. पण फाइलवर सही मॅमची व्हायची होती आणि ॲपवर सोनेरी तारा होता. म्हणून तिने लिहिलं, ‘मुलाने डबा पूर्ण खाल्ला.’ सातव्या दिवशीही तेच, सतराव्या दिवशीही तेच. आणि घरी जाऊन मैत्रिणीला फोन लावला की ती या शाळेची, मॅमच्या इंग्रजीची, टॉवरमधल्या आयांची मनसोक्त टिंगल करायची. सगळ्यांच्या डोळ्यांतली कुसळं तिला लख्ख दिसत होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी दोनला, बंटीला न्यायला ऐश्वर्याऐवजी ठमाबाई आली. ठेंगणी, काटक बाई. कासोटा घातलेलं लुगडं, नाकात मोठी नथनी, पायात मात्र महागाचे स्पोर्ट्स बूट. तिने चपलांच्या मांडणीपाशी उभं राहून आत पाहिलं आणि दर्शनाला हाताने बोलावलं.

"बाय, तू बंटीची टीचर ना? एक इचारू?"

दर्शना हसून हो म्हणाली. तिला वाटलं, फीबद्दल नाहीतर गॅदरिंगबद्दल असेल.

"डबा तं तो सगला खातं. सुनंच्या फोनान रोजचं फोटू हान. मंग आंगाला का नाय लागत गो?"

मग तिने जे सांगितलं ते दर्शनाने मांडणीला टेकून ऐकलं. दोन महिन्यांत बंटीचं वजन दीड किलोने उतरलं होतं. घरी आला की तो आजीकडे भात मागायचा, पण ऐश्वर्या द्यायची नाही. दोन डबे संपवून आलेला आहे, आता पोट फुटेल, सवयी बिघडवू नका, असं ती म्हणायची, आणि शिकलेली सून म्हणते म्हणून ठमाबाई गप्प बसायची. जंताचं औषध झालं. दृष्ट काढून झाली. मग ऐश्वर्याने मोठ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरने विचारलं की खातो का नीट, तेव्हा तिने फोन उघडून साठ फोटो दाखवले. डॉक्टर म्हणाला, एवढं खाऊन वजन उतरतंय म्हणजे आतड्यात काहीतरी दोष आहे. रक्त काढलं, पुन्हा काढलं. ठमाबाईने बंटीचा हात पुढे करून कोपराजवळची चिकटपट्टी दाखवली. गेले चार दिवस ती पट्टी दर्शनाच्या डोळ्यांसमोर होती आणि तिने विचारलं नव्हतं.

"सोमवारी त्याला झोपवून पोटान नली घालनार हान," ठमाबाई म्हणाली. "त्याच्या आंगाला लागंपरत मी म्हावरा सोरलाय. गावदेवीला सांगलाय तसा."

खाडीकाठी जन्म गेलेल्या बाईने मासे सोडले होते. दर्शनाच्या तोंडात अजून साडेबाराच्या डब्याची चव होती. तिने ‘बघते हां आजी’ असं काहीतरी म्हटलं आणि आत पळाली.

ती तडक संचिता मॅमकडे गेली. तिने सगळं सांगितलं, नळी, रक्त, सोमवार. तिला वाटलं होतं की मॅम घाबरतील. मॅम घाबरल्या नाहीत. त्यांनी आधी केबिनचं दार लावलं आणि मग फार शांतपणे समजावलं की तपासणी झाली तर चांगलंच आहे, काही नसेल तर काही निघणार नाही, मुलाला होऊन होऊन काय होणार आहे. आणि आपण आज सांगायला गेलो तर चौदाच्या चौदा आया उद्या दारात येतील. मग त्यांनी टेबलावरचा स्क्रीन वळवला. त्यावर मागच्या कट्ट्याचं चित्र होतं. कट्ट्यावर दर्शना बसलेली, मांडीवर निळा डबा, बोटं चाटत होती.

"हे मी कोणाला दाखवणार नाहीये," मॅम म्हणाल्या. "डोन्ट बी इमोशनल. सोमवारी तुझा तिसावा दिवस ना? फाइल आण, शिक्का तयार आहे."

दर्शना त्या दिवशी बसने न जाता माजिवड्यापर्यंत चालत गेली. वाटेत तिने मॅमना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग तिच्या लक्षात आलं की शिव्या संपल्या तरी स्क्रीनवरची बोटं चाटणारी मुलगी काही जात नाही. मॅमनी नियम केला होता, हे खरं. आयांना तारे हवे होते, हेही खरं. पण खाणारं तोंड कोणाचं होतं? आयत्या बिळावर नागोबा होऊन ती महिनाभर दुसऱ्याच्या पोराचं जेवत होती, आणि वर त्या घरालाच हसत होती. सगुणामावशीला न गिळणारा घास तिला गिळला होता. मावशी शिष्ट नव्हती, एवढं समजायला तिला अठ्ठावीस दिवस लागले.

घरी शेवंतीने विचारलं की कधी मिळणार शिक्का. सोमवारी, दर्शना म्हणाली. शेवंतीने लगेच देवापुढे साखर ठेवली. दर्शनाने फाइल उघडली, लाल पेन घेतलं आणि पहिल्या दिवसापासूनची ‘डबा पूर्ण खाल्ला’ ही ओळ खोडत गेली. खोडलेल्या प्रत्येक ओळीवर तिने लिहिलं, ‘मुलाने खाल्लं नाही. मी खाल्लं.’ सहाव्या दिवसापाशी ती थांबली आणि तिथे तिने जास्तीचं लिहिलं, ‘सगुणामावशींनी भरवल्यावर तीन घास खाल्ले.’ लिहून झाल्यावर ते सगळं वाचायची तिची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी दोन्ही वेळा बंटीच्या डब्याला तिने हात लावला नाही. भरवलंही नाही, कारण मॅम दिवसभर वर्गाच्या दारात उभ्या होत्या. डबा भरलेला राहिला आणि फोटो निघाला नाही. दोन वाजता ठमाबाई आली तेव्हा दर्शना डबा घेऊन स्वतःच बाहेर गेली आणि तिच्या हातात दिला.

"आजी, बंटी इथे काही खात नाही. एक दिवस सगुणामावशींनी भरवलेले तीन घास सोडले तर काहीच खाल्लेलं नाही. फोटो रिकामा लागतो म्हणून डबा मी खात होते."

ठमाबाईने डबा उघडून पाहिला. घावण्यांच्या घड्या तशाच होत्या.

"सगला?" तिने विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

ठमाबाईने झाकण लावलं. पहाटे पाचला उठून ती हे करत होती, हे तिने सांगितलं नाही. दर्शनाला ते चवीवरूनच माहीत होतं. मग तिने एकच विचारलं.

"तू खातंस तवा तो काय करतं?"

दर्शनाला खोटं बोलता आलं असतं. "बघत असतो," ती म्हणाली.

ठमाबाईने बंटीचा हात धरला आणि गेली. शिवी नाही, शाप नाही, आवाजसुद्धा चढला नाही. त्यापेक्षा तिने मांडणीवरचा बूट फेकून मारला असता तर दर्शनाला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत ऐश्वर्याचा मॅमना फोन गेला आणि सोमवारची नळी रद्द झाली. रात्री ॲपवर सगळ्या पालकांना शाळेचं निवेदन आलं. एका शिकाऊ मुलीच्या गंभीर गैरवर्तनाबद्दल शाळेला अतीव दुःख होत असून तिला तातडीने कामावरून कमी करण्यात आलं आहे, असा त्याचा मजकूर होता. खाली हात जोडलेलं चित्र होतं. दर्शनाला त्यातही मॅमचं कौतुकच वाटलं. बाई पाण्यात पडली तरी केस ओले होऊ देणार नाही.

तरी सोमवारी ती शाळेत गेली. तिसावा दिवस होता आणि फाइल तिची होती. मॅमनी केबिनमध्ये फाइल उघडली, लाल ओळी पाहिल्या, दोन पानं उलटली आणि फाइल टेबलावरून ढकलून दिली. असल्या कागदावर मी माझ्या शाळेचा शिक्का मारीन असं तुला वाटलंच कसं, असं त्यांनी विचारलं. तुझ्या संस्थेलाही मी कळवलंय, म्हणाल्या. दर्शना फाइल छातीशी धरून वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. निघायला हवं होतं, पण पाय निघेनात.

दहाच्या डब्याला ठमाबाई आली. तिने कोणाला विचारलं नाही. प्लास्टिकच्या गवतावरून बुटांसकट चालत ती वर्गात गेली, मुलांच्या लाल खुर्चीवर बसली आणि पिशवीतून जुना ॲल्युमिनियमचा डबा काढला. झाकण निघताच सुक्या जवळ्याचा वास दोन्ही गाळ्यांत पसरला. ज्या शाळेत उकडलेलं अंडं आणायलाही बंदी होती तिथे तो वास संचिता मॅमच्या केबिनपर्यंत गेला आणि मॅम बाहेर आल्या. त्या काही म्हणणार होत्या. मग खुर्चीवर कोण बसलं आहे ते त्यांनी पाहिलं, आणि हसून नमस्कार केला.

ठमाबाईने तांदळाची भाकरी मोडली, जवळा लावला आणि घास बंटीपुढे धरला. बंटीने तोंड उघडलं. तो खात होता आणि खाता खाता बोलत होता. वर्गात पहिल्यांदाच बोलत होता, आणि तेही आजीच्या बोलीत. चिमणी कुठे बसली, कुत्र्याचे केस कोण कापतं, सगळं. बाकीची पोरं आपापले डबे सोडून भोवती गोळा झाली. दोघातिघांनी आऽ करून तोंड उघडलं आणि ठमाबाईने त्यांनाही भरवलं. ती पोरं कोणाची, काय खातात, याचा विचार करत मॅम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"ह्याला भरवाचा लागतं," ठमाबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "आमच्या घरान पोर पाच वर्साचा होयपरत आपल्या हातान जेवत नाय. उद्यापासून ही सगुणा भरवल."

मॅमनी मान डोलावली. सगुणामावशीने बादली बाजूला ठेवली.

दर्शना दारात आली होती. तिच्या मनात एक आशा उगवली होती आणि तिची तिलाच लाज वाटत होती. या बाईने एक शब्द टाकला तर मॅम आत्ता, या क्षणी शिक्का मारतील. ती पुढे झाली, फाइल दाखवली, आणि अडखळत म्हणाली की आजी, मी खरं तेच लिहिलंय, पण मॅम सही देत नाहीत, तुम्ही जर सांगितलंत तर.

ठमाबाईने फाइलकडे पाहिलं. लाल अक्षरं तिला वाचता येत नव्हती. मग तिने दर्शनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. महिन्याभरापूर्वी सैल होणारा दर्शनाचा कुडता आता अंगाला घट्ट बसत होता.

"तुना घ्याचा व्हता ता तू घेतलास," ती म्हणाली. "आनखी मी काय देऊ?"

तेवढ्यात बंटीने मान फिरवली. पोट भरलं होतं. डब्यात एक घास उरला होता, भाकरीचा तुकडा आणि वर थोडा जवळा. ठमाबाईने तो उचलला. स्वतः खाल्ला नाही. तिचा नवस अजून फिटायचा होता. तिने हात लांब करून तो दर्शनापुढे धरला.

"खा. फोटू खाली डब्याचा लागतं ना? तुना सवय हाय."

वर्गात चौदा मुलं, मॅम, सगुणामावशी, सगळे बघत होते. बंटीही बघत होता, रोज बघायचा तसाच. दर्शनाने तोंड उघडलं. घास तिखट होता आणि तिला तो खूप वेळ चावत राहावं लागलं.

रिकामा डबा आजीने बंटीच्या हातात दिला. त्याने लगेच अंगठा वर केला आणि दात दाखवले. फोटो कोणीच काढला नाही.

बाहेर बसस्टॉपच्या बाकावर बसून दर्शनाने फाइलचं शेवटचं पान उघडलं. शिक्क्याचा चौकोन कोरा होता. डोंबिवलीच्या बाईंना काय सांगायचं, देवापुढच्या साखरेचं काय करायचं, हे तिला ठरवायचं होतं. त्याआधी तिने पेन काढलं आणि तिसाव्या दिवसाची नोंद लिहिली. ‘मुलाने डबा खाल्ला. शेवटचा घास मी.’